घट्ट हाताचे चौकोन

माझ्या आत्याचा राग नाकावर असतो, असं लोक म्हणायचे. ते खोटं होतं. तिचा राग हातात होता. तोंडानं ती कमीच बोलायची. हात आधी चालायचा, आणि मग काय झालं ते ती आपल्याबरोबरच बघायची.

हा राग तिला वारशात मिळाला. आजोबा, म्हणजे तिचे आणि माझ्या बाबांचे वडील, एका गोदामात मुकादम होते. दिवसभर माणसांवर ओरडून घरी यायचे. घरी ओरडायला आवाज उरलेला नसायचा, म्हणून कमरेचा पट्टा काढायचे. बाबा दारामागे लपायचे. आत्या लपायची नाही, त्यामुळे तिला दोघांच्या वाटणीचा मार मिळायचा. ती नऊ वर्षांची असताना आजोबांनी तिची डावी करंगळी धरून मागे वाकवली. काडी मोडल्यासारखा आवाज आला, असं बाबा सांगतात. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. ती तशीच वाकडी जुळली. पुढे आत्या क्रोशाचं विणकाम शिकली तेव्हा दोरा याच वाकड्या करंगळीवरून घ्यायची, आणि तो इतका नेमका ताणलेला राहायचा की शिकायला येणाऱ्या बायका आपापली सरळ करंगळी बघून हळहळायच्या.

"बाई, आमची पण मोडा ना," एक जण एकदा चेष्टेत म्हणाली.

आत्या हसली नाही. "ये इकडे," म्हणाली. ती बाई पुढचे चार दिवस तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसत होती.

आत्याचा संसार अडीच महिन्यांचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून नवऱ्यानं जेवता जेवता तिच्या थोबाडीत दिली. तिनं कोनाड्यातलं कुलूप उचललं आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. मग त्याच कुलपानं दार बाहेरून लावलं, किल्ली शेजाऱ्यांकडे दिली आणि माहेरी आली. आजोबा तोवर म्हातारे झाले होते, पण सवय काही म्हातारी होत नाही. "नांदायचं सोडून आलीस?" म्हणत त्यांनी हात उगारला, तो तिनं वरच्या वरच धरला. बाप-लेक तसेच उभे राहिले. शेवटी आजोबांनीच हात खाली घेतला आणि ते आत जाऊन निजले. शेजारणी समजूत घालायला आल्या. "अगं, टाळी काही एका हातानं वाजत नाही."

"टाळी नाही वाजत," आत्या म्हणाली. "थोबाडीत वाजते."

हे सगळं मी ऐकलेलं. पुढचं मात्र डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कारण शिक्षण संपल्यावर मी तिच्याकडेच कामाला लागले.

एका छापखान्याच्या वर तिनं लांबट खोली घेतली होती. बाहेरून लाकडी जिना, सोळा पायऱ्या. आत एका भिंतीला सुती दोऱ्याच्या रिळांची मांडणी, रस्त्याकडे दोन खिडक्या, मधोमध घोंगडी आणि चादर अंथरलेलं टेबल, त्यावर वाफेची इस्त्री. कोपऱ्यात मोरी, मोरीला पडदा. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या आणि शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. आम्ही सात जणी होतो.

काम उन्हाळी टॉपचं. पुस्तकात ज्याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात त्याला आम्ही नुसतं चौकोन म्हणायचो. मधोमध सहा साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार झुपके, कोपऱ्यांत दोन साखळ्यांची फट, मग त्याभोवती दुसरी फेरी, तिसरी, चौथी. दोरा बारीक आणि सुई जराशी जाड घ्यायची, म्हणजे वीण मोकळी राहते आणि अंगाला वारा लागतो. चौकोन ओला करून, टाचण्यांनी टेबलावर ताणून, वाफ देऊन वाळवायचा. असे बारा पुढे, बारा मागे, खांद्यांवर दोन पट्ट्या, खाली तीन फेऱ्यांची किनार. तयार टॉप हातावर टाकला तर ओल्या रुमालाएवढासुद्धा भार वाटायचा नाही. भर उन्हात घालावा असाच तो कपडा.

चौकोन अकरा सेंटिमीटरचा हवा. साडेदहा नाही, साडेअकरा नाही. आत्या लोखंडी पट्टीनं मोजायची आणि चुकला तर त्याच पट्टीनं बोटांच्या पेरांवर मारायची. मागे सगळ्या तिला फूटपट्टी म्हणायच्या. मी भाची म्हणून मला सवलत होती, मला कडेनं न मारता सपाट बाजूनं मारायची. तरी बायका टिकून होत्या. ती शिकवायची मन लावून, हातचं काही राखून न ठेवता. आणि तिथला मार त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरातल्या मारापेक्षा कमी होता, हे मला फार उशिरा कळलं.

हिवाळा सरता सरता बारकी आली. बावीस वर्षांची, अंगानं काटकुळी, म्हणून बारकी. तिचा नवरा दोन गल्ल्या पलीकडे टायर दुरुस्त करायचा. बोटं भराभर चालायची तिची, आठवड्यात ती आमच्या पुढे गेली. पण तिच्या चौकोनांचा नेम नव्हता. एखाद्या दिवशी बरोबर अकरा, दुसऱ्या दिवशी दहा, मध्येच साडेनऊ. तीच सुई, तोच दोरा, तेवढेच खांब.

"हात घट्ट धरतेस. सैल धर," आत्या म्हणायची.

"हो, बाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा.

उन्हाळा लागला. दोन्ही पंखे गरम वारा फेकत होते. आम्ही सगळ्या बिनबाह्यांच्या कपड्यांत, आणि बारकी मनगटापर्यंत बटणं लावलेल्या लांब बाह्यांत. कपाळावरचा घाम दोऱ्यावर पडू नये म्हणून मान वाकडी करून विणायची. त्या दिवशी तिनं पाच चौकोन आणून दिले. पाचही साडेनऊचे. खाली छापखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती, त्यामुळे खोलीत शांतता होती.

"हात पुढे कर," आत्या म्हणाली.

बारकीनं केला. पट्टी कडेनं बसली, चट्ट आवाज आला. आमच्यापैकी कुणीही हात मागे घेतला असता, निदान डोळे तरी मिटले असते. बारकीनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. उलट तिनं दुसरा हात पहिल्याशेजारी आणून ठेवला.

"हाही घ्या," ती म्हणाली. "म्हणजे लवकर संपेल."

आत्याची पट्टी वर गेलेली होती, ती वरच राहिली. आमच्यात एक निवृत्त नर्सबाई होत्या, तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या. आत्यानं पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमच्याकडे ठेवा. आजपासून माप तुम्ही घ्यायचं. मी मागितली तरी मला देऊ नका."

नर्सबाईंनी बारकीला मोरीच्या पडद्याआड नेलं आणि बाह्या वर केल्या. पाणी द्यायला मी आत गेले, तेव्हा मला दिसलं. मनगटापासून दंडापर्यंत वळच वळ. जुने पिवळे, त्यावर हिरवट, त्यावर ताजे जांभळे. प्रत्येक वळ दोन रेघांचा, मधली पट्टी कोरी.

"ट्यूब आहे," नर्सबाई म्हणाल्या. "सायकलची ट्यूब कापून घेतली की असा उठतो."

आत्या पडद्याबाहेर उभी होती. "कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"सोडून ये."

"कुठे?"

"माझ्या घरी."

"तो मारून टाकेल, बाई."

"कुणाला?"

बारकीनं जरा विचार केला. "आधी तुम्हाला," ती म्हणाली.

ती आली नाही. संध्याकाळी बाह्यांची बटणं लावून नेहमीसारखी घरी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं एक गोष्ट मागितली. मापात न बसलेले चौकोन आत्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्यातले आपले चौकोन बारकीला हवे होते. आत्यानं डबाच तिच्यापुढे ठेवला.

त्या नापास चौकोनांचा बारकीनं स्वतःसाठी टॉप केला. मळकट हिरवा, विटकरी, पांढरा, जे हाताला लागले ते रंग. चोवीस चौकोन पुरले, कारण ती होतीच तेवढी बारीक. फक्त लांबी कमी पडत होती म्हणून खालची किनार सहा फेऱ्यांची केली. जोडायला मी मदत करत होते. एकेक चौकोन उचलून, भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात ती सांगायची, "हा भिंतीवर आपटलं त्या दिवशीचा. हा ताट फेकलं तेव्हाचा. हा काहीच झालं नव्हतं तेव्हाचा, पण होईल असं वाटत होतं." तो शेवटचा सगळ्यात लहान होता.

मग ती रोज सकाळी आली की पडद्याआड जाऊन लांब बाह्या खुंटीला टांगायची आणि टॉप घालून बसायची. उघडे हात, उघडे वळ. पहिल्या दिवशी आम्ही बघितलं, दुसऱ्या दिवशी कुणी बघितलं नाही. घरी जाताना पुन्हा बाह्या, पुन्हा बटणं. असे तीन आठवडे गेले. नवे वळ यायचे, पण विणताना ती आता गाणं गुणगुणायची, अगदी बेसूर. नर्सबाई म्हणायच्या, "पोरी, मार परवडला, हे आवर."

आणि मग छापखान्याच्या टेम्पोचं चाक बसलं.

गाडी आमच्या जिन्याखालीच उभी होती. जवळचा टायरवाला म्हणून छापखान्याच्या माणसानं बारकीच्याच नवऱ्याला बोलावलं. आम्हाला पत्ता नव्हता. दुपारचे तीन वाजले असतील. रंगवलेल्या दोऱ्याच्या लडी खिडकीबाहेरच्या तारेवर वाळत घातल्या होत्या, त्या उलटवायला बारकी खिडकीत गेली आणि दोन्ही हात लांब करून ओणवली. तो खाली चाकाशी उकिडवा बसला होता. त्यानं मान वर केली.

ती खिडकीतून मागे फिरली तेव्हा तिचा चेहरा बघून मी विचारलं, "काय गं?" ती पडद्याकडे धावली. बाह्या खुंटीवर होत्या. खुंटीपर्यंत ती पोचलीसुद्धा नाही. खालचं यंत्र धडधडत होतं, जिन्यावरची पावलं कुणाला ऐकूच आली नाहीत. दार भिंतीवर आपटलं आणि तो आत होता. हातात टायर उचकटायची लोखंडी टॉमी, हातभर लांब, टोकाला चपटी.

"हे असं बसतेस इथं?" तो म्हणाला. तो ओरडलाही नाही. यंत्राच्या आवाजात ते शब्द मला नीट ऐकू आले नव्हते, त्याच्या ओठांवरून कळले.

त्यानं टॉपचा गळा मागून मुठीत धरला आणि तिला ओढलं. दुसरा कुठला कपडा असता तर टरकन फाटला असता आणि ती सुटली असती. पण सुती दोऱ्याची ती घट्ट वीण फाटेना, नुसती ताणली गेली. गळा तिच्या गळ्यात रुतला. ती उताणी पडली आणि तो तिला तसाच जमिनीवरून जिन्याकडे ओढत निघाला. तिच्या टाचा फरशीवर आपटत होत्या, डोळे बाहेर आले होते, दोन्ही हातांची बोटं वीण आणि कातडीच्या मध्ये शिरायला बघत होती.

नर्सबाई आडव्या आल्या. त्यानं त्यांना कोपरानं ढकललं, त्या खुर्चीसकट पडल्या. कुणीतरी किंचाळत होतं, ती मीच होते. माझ्या हातात कात्री होती आणि मी तिथंच खिळून उभी होते. त्याबद्दल मला आजही कुणी बोल लावत नाही, आणि आजही मला ते बरं वाटत नाही.

आत्या टेबलाच्या पलीकडून आली. "सोड तिला," म्हणाली. त्यानं टॉमी फिरवली. ती तिच्या डाव्या खांद्याखाली बसली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. डावा हात लोंबायला लागला. आत्यानं उजव्या हातानं टेबलावरची तापलेली इस्त्री उचलली. वायर भिंतीतून ठिणगी उडवत निघाली. इस्त्री तिनं त्याच्या तोंडावर हाणली आणि दाबून धरली. आधी वास आला, मग त्याचा आवाज. त्यानं टॉप सोडला, टॉमी सोडली, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तो रिळांच्या मांडणीवर कोसळला. अख्खी मांडणी त्याच्या अंगावर आली. आत्यानं टॉमी उचलली आणि गुडघ्यावर एक हाणली. तो आडवा झाला तो उठला नाही.

तिथं थांबायला हवं होतं.

ती थांबली नाही. तिनं पायानं त्याचा उजवा हात तोंडावरून ओढून काढला, फरशीवर दाबला आणि टॉमी मारायला लागली. एक. दोन. ती काहीही बोलत नव्हती, शिवीसुद्धा देत नव्हती. तीन. बोटं सुक्या काटक्यांसारखी मोडत होती. चार. नर्सबाई ओरडत होत्या, "अहो, मरेल तो!" पाच. सहा. आत्याचे डोळे माझ्याकडे वळलेले होते पण ती मला बघत नव्हती. सात.

आठव्याच्या वेळी बारकी मध्ये आली. धड श्वास घेता येत नव्हता तरी रांगत आली आणि त्याच्या हातावर आडवी पडली. "पुरे, बाई, पुरे," असं काहीसं म्हणत होती. टॉमी खाली यायला निघाली होती. ती बारकीच्या उजव्या मनगटावर आली.

मग सगळं थांबलं. आत्यानं टॉमी टेबलावर ठेवली, नीट, टेबलाच्या कडेला समांतर. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बारकीच्या मनगटाकडे बघत राहिली. ते जिथून वाकू नये तिथून वाकलं होतं. खाली यंत्र चालूच होतं. सोळा पायऱ्या उतरून मी छापखान्यातल्या माणसाचा दंड धरला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं.

बारकीचा जबाब पोलिसांनी इस्पितळात घेतला. मी बाजूला होते. शिपाई लिहीत होता आणि साहेब विचारत होते. बारकीचा आवाज बसला होता, गळ्याभोवती विणीची नक्षी जशीच्या तशी उमटली होती, खांब न् खांब मोजता आला असता.

"म्हणजे तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला ओढलं आणि त्या बाईंनी वाचवलं. बरोबर?"

"त्यानं ओढलं," बारकी म्हणाली. "बाईंनी वाचवलं. आणि बाईंनीच माझा हात मोडला. तिन्ही लिहा."

"तिसरं चुकून झालं ना?"

"लिहा तुम्ही. चुकून होतं का ते बाईंना विचारा."

खटला वर्षभर चालला. बारकीची सासू दोनदा आमच्या रस्त्यावर येऊन बोंबलून गेली. आत्याचे वकील चांगले होते, गरीब स्वभावाचे. त्यांनी तिला शंभरदा पढवलं होतं, "एवढंच म्हणायचं, जीव वाचवायला मारलं. पुढं एक अक्षर नाही." माझीही साक्ष होती. आदल्या दिवशी मी आत्याला विचारलं, "किती फटके म्हणून सांगू?"

"मोजलेस?"

"हो."

"मग तेवढेच सांग. खोटं बोललीस तर तंगडं मोडीन." आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

कोर्टात बारकीचा टॉप पुरावा म्हणून आला होता. कारकुनानं तो दोन बोटांत धरून दाखवला, गळा ताणून कमरेएवढा झालेला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "इतक्या विरळ विणीचा कपडा फाटला कसा नाही?" मग आत्याच पिंजऱ्यातून म्हणाली, "चौकोन घट्ट हाताचे आहेत. आणि जोडणी माझ्या भाचीनं केलीय, दुहेरी." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तिची पाळी आली तेव्हा तिनं वकिलांचं एक अक्षर ऐकलं नाही.

"इस्त्री आणि गुडघ्यावरचा फटका, हे दोन मुलीला वाचवायला," ती म्हणाली. "त्यानंतर तो उठत नव्हता. ते मला दिसत होतं. पुढचे मी मला हवे होते म्हणून मारले."

"पुढचे किती?"

"मी मोजले नाहीत. भाचीनं मोजलेत. ती खोटं बोलत नाही."

मी सात सांगितले, आणि आठवाही सांगितला. वकिलांनी कपाळावर हात मारला, तो अख्ख्या कोर्टाला ऐकू आला.

टायरवाल्याला चार वर्षं झाली. त्याच्या गालावर इस्त्रीचं टोक कायमचं उमटलं, आणि उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. आत्याला आठ महिने झाले. बाबा रडले. ती रडली नाही. "तुला दारामागे जागा होती," एवढंच त्यांना म्हणाली. ते टोचून म्हणाली की मायेनं, हे बाबांना अजून ठरवता आलेलं नाही.

तुरुंगात जाऊन ती सुतासारखी सरळ झाली असं सांगायला मला आवडलं असतं. पहिल्याच आठवड्यात नळावरच्या रांगेत एक जण मध्ये घुसली, आणि आत्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी भेटायला गेले तेव्हा तिला दहा दिवस एकटीला ठेवून नुकतंच बाहेर काढलं होतं.

"का गं असं केलंस?"

"हात गेला," ती म्हणाली. लहानपणी आजोबाही असंच म्हणायचे, हे तिला आठवलं असावं, कारण तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि भेटीची वेळ संपेपर्यंत काढले नाहीत. पुढच्या वेळी गेले तेव्हाही हात काखेत. "थंडी वाजते?" मी विचारलं. "नाही. राग आला की असं करायचं ठरवलंय. दिवसातला बराच वेळ असंच जातं." पुढच्या सात महिन्यांत पुन्हा तक्रार आली नाही. सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. तिचे दोन्ही दंड आतल्या बाजूनं काळेनिळे झाले होते, तिच्याच बोटांनी.

इकडे खोली खटल्याच्या वर्षापासूनच नर्सबाईंनी आणि मी चालू ठेवली होती; जामिनावर असताना आत्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. बारकी नर्सबाईंच्या घरी राहायला गेली होती. प्लॅस्टर निघालं तरी मनगट पुरतं फिरेना. क्रोशाची सुई पेनासारखी धरायची सवय तिला मोडावी लागली. सुरीसारखी मुठीत धरायला शिकली. पहिले दोन महिने तिचे चौकोन म्हणजे चिंध्या होत्या. ती उसवायची, पुन्हा विणायची, दात ओठ खायची, एकदा तर सुई खिडकीबाहेर फेकून दिली आणि मुकाट्यानं खाली जाऊन घेऊन आली. तिसऱ्या महिन्यात साडेअकराचा चौकोन आला. नर्सबाईंनी तो मोजला आणि भुवया उंचावल्या.

"सैल झाला," त्या म्हणाल्या.

"होऊ दे," बारकी म्हणाली.

एकदा मी तिला विचारलं, "आत्याचा राग आहे तुला?"

"आहे."

"मग इथे का येतेस?"

"काम इथे आहे." मग दोरा ओढून घेत, "आणि त्या खोटं बोलल्या नाहीत. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, चुकून लागलं."

आत्या सुटून आली ती हिवाळा संपता संपता. केस पिकले होते, डावा खांदा वाकला होता. बायकांनी उठून जागा केली. बारकी जागची हलली नाही, पण तिनं मान हलवली. आत्या तिच्यापासून लांब, दाराजवळ बसली आणि विणायला लागली. अर्धा दिवस बरा गेला. मग वाऱ्यानं खिडकी आपटायला लागली, ती लावायला आत्या चटकन उठली. तिची पद्धतच ती, सगळं चटकन.

बारकीची खुर्ची करकरत मागे गेली. सुई खाली पडली. तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले होते आणि ती अंग चोरून भिंतीला चिकटली होती.

आत्या होती तिथेच खाली बसली, अगदी हळू, जसं कुणी काचेचं सामान ठेवावं. खिडकी आपटत राहिली. शेवटी मी जाऊन लावली.

दुसऱ्या दिवशी तिला मोरीवर जायचं होतं. तिनं विणकाम मांडीवर ठेवलं, हात सगळ्यांना दिसतील असे गुडघ्यांवर पसरले आणि यंत्राच्या आवाजावर चढवून म्हणाली, "मी उठतेय हं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. बारकी चौकोनाचा कोपरा वळवत होती. तिनं तो पुरा केला.

"उठा," ती म्हणाली.

याला आता चार वर्षं झाली. आत्या अजून सांगितल्याशिवाय उठत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा तरी होत असेल, आणि दर वेळी उत्तर बारकीच देते. कधी लगेच, कधी दोन खांब विणून झाल्यावर. तोवर आत्या बसून राहते. नव्या आलेल्या बायकांना वाटतं की म्हातारीचे गुडघे दुखतात. परवा एकीनं तिला तेल आणून दिलं.